कोरडी फरशी

शाळेत झुरळं झाली की आधी स्वयंपाकघराकडे बोट जातं, मग सफाईच्या बायांकडे. शिक्षकांच्या खोलीकडे कुणाचं बोट वळत नाही. तिथल्या खणांत अर्धे खाल्लेले बिस्किटांचे पुडे, तळाला चहा सुकलेले कप आणि मागच्या वर्षीच्या उत्तरपत्रिका गुण्यागोविंदाने नांदत असतात. पण शिकलेल्या माणसाचा उकिरडा हा उकिरडा नसतो. त्याला पसारा म्हणायचं.

या शाळेत सफाईला दोघी होत्या, सख्ख्या जावा. थोरली आधीपासून होती. धाकटीला तिनेच आणलं, मुख्याध्यापिकेच्या मागे लागून लागून. मुख्याध्यापिकेला सगळे मोठ्या बाई म्हणत आणि या दोघींना थोरल्या मावशी, धाकट्या मावशी.

थोरलीचा हात सढळ. चहात साखर घालेल तर चमचा उभा राहील इतकी. पाहुण्याला वाढेल तर पाहुणा आडवा होईल इतकं. कुणाच्या दुःखात रडायला गेली तर घरच्यांनाच तिची समजूत काढत बसावं लागे. फरशीही ती अशीच धुवायची. शाळा सुटली की बादल्यांवर बादल्या ओतायच्या, खराट्याने पाणी या टोकाकडून त्या टोकाला रेटायचं आणि फरशी ओलीगच्च, चकचकीत सोडून घरी जायचं. "फरशीत तोंड दिसलं पाहिजे," ती म्हणे. दिसायचंही. मोठ्या बाई त्यात तोंड बघून खूश व्हायच्या.

धाकटी उलटी. मोजून बोलणारी, मोजून हसणारी. सासरे गेले तेव्हा तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. ती आल्यागेल्याला पाणी देत होती, अंथरुणं घालत होती, चप्पल जोडून ठेवत होती. थोरलीने तेव्हाच शिक्का मारला, "कोरडी आहे कार्टी."

धाकटीकडे तळमजल्यावरचा बालवर्ग होता. मुलं दुपारी तिथेच चटयांवर झोपत. फवारणीचा हातपंप मात्र थोरलीकडे. शनिवारी दुपारी शाळा रिकामी झाली की ती खोल्याखोल्यांतून औषध मारत फिरे. बाटलीवर लिहिलेलं होतं, बादलीला एक झाकण. थोरली तीन ओतायची.

"जाऊबाई, औषध आहे ते, जावई नाही," धाकटी एकदा म्हणाली. "आग्रह कशाला करताय?"

"तू गप गं. कमी पडलं तर बोलणी कोण खाणार?"

आणि थोरली पंप मारून झाल्यावर खिडक्या घट्ट लावून घ्यायची. औषध वाया जाऊ नये म्हणून.

धाकटीला खोकला लागला तो असा. पहिल्यांदा कुणी लक्ष दिलं नाही. गरिबाच्या खोकल्याला कोण विचारतो? मग ती जिना चढताना थांबायला लागली. मग बोलताना मध्येच वाक्य तोडायला लागली. मुळात बोलणं कमी, त्यात तेही अर्धं. बालवर्गातली एक चिमुरडी तिला म्हणाली, "मावशी, तुमच्या छातीत मांजर बसलंय का?"

आणि एका सोमवारी सकाळी ते मांजर उठलं. मुलं दारात रांगेत उभी होती. धाकटीने चटयांचं कपाट उघडलं. शनिवारी थोरलीने त्या कपाटात औषध मारून दार लावून टाकलं होतं. दोन चटया उलगडल्या आणि धाकटी तिथेच गुडघ्यांवर बसली. हवा आत जाईना, जी होती ती बाहेर येईना.

"झाली नाटकं सुरू," थोरली दारातून म्हणाली. "सोमवार आला की—"

मग तिला धाकटीचे ओठ दिसले. निळे पडले होते. थोरलीने हातातली बादली टाकली, जावेच्या काखेत हात घातले आणि तिला ओढत अंगणात नेऊन मोकळ्या हवेत बसवलं.

डॉक्टरांनी तिला तोंडाने औषध ओढायची दम्याची नळी दिली आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "त्या खोलीत एक तर ते औषध राहील, नाही तर तुम्ही. दोघं एकत्र नाही."

घरी येताना थोरली सगळा रस्ता रडली. "मी तुझ्यासाठीच जास्त मारलं गं! तुझ्या वर्गात झुरळ दिसलं तर तुला बोलणी बसतील म्हणून. चांगलं करायला गेले!"

"रडू नका," धाकटी म्हणाली. "दमायला मला होतंय."

दुसऱ्या दिवशी दोघी मोठ्या बाईंसमोर उभ्या राहिल्या. बसा म्हणण्याची पद्धत त्या खोलीत सफाईच्या बायांसाठी नव्हती.

"फवारणी बंद करा," थोरली म्हणाली.

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "मावशी, परवाच एका मुलीच्या डब्याच्या पिशवीतून झुरळ निघालं. तिची आई इथे येऊन तासभर भांडून गेली. आता फवारणी बंद केली तर पालक मला फाडून खातील. मी तर उलट पंपवाल्याला दर आठवड्याला बोलवायचं म्हणतेय. सगळी इमारत."

"मग ही मरेल."

"असं काय बोलता!" मोठ्या बाई धाकटीकडे बघेनात. शेवटी म्हणाल्या, "पालकसभेपर्यंत थांबते. तोवर झुरळं कमी झाली तर ठीक. नाही झाली तर पंपवाला येणार. मग धाकट्या मावशींनी दुसरीकडे काम बघावं. मला फार वाईट वाटतं."

वाईट वाटायला काय लागतं? ते फुकट असतं. पण खरं तेही सांगायला हवं. मोठ्या बाई घाबरट होत्या, लबाड नव्हत्या. दिलेली मुदत त्यांनी पाळली.

फाटकाबाहेर पंपवाला भेटला. मोठ्या पंपाचं काम तो करायचा, आणि थोरलीला बाटल्याही तोच आणून द्यायचा. तोंडाला फडकं बांधलेलंच असे, त्यामुळे तो हसतोय की रागावलाय हे फक्त भुवयांवरून कळे. थोरलीने त्याला गाठून सगळं ऐकवलं.

"मावशी, आठवड्याला बोलावलं तर माझं भलंच आहे," तो म्हणाला. "पण खरं सांगू? तुमच्या शाळेत माझं औषध टिकत नाही. मी मारून जातो, तुम्ही संध्याकाळी धुऊन टाकता. झुरळं राहतात आणि नाव माझं खराब होतं. तुमच्याकडे पाणी फार."

"पाणी नको तर काय थुंकीने पुसू?"

"ते तुम्ही बघा." त्याने पिशवीतून चिकट पुठ्ठ्यांची चळत काढली. "हे कोपऱ्याकोपऱ्यांत ठेवा. मारायला नाही, बघायला. कुठे किती चिकटतात ते कळेल. चोराला मारायच्या आधी तो कुणाच्या घरी राहतो ते बघावं."

"तू तुझ्या घरी काय मारतोस?"

पंपवाल्याच्या भुवया वर गेल्या. "माझ्या घरी? वेडबीड लागलंय का मला? मी भोकं बुजवतो."

धाकटीला तेवढे दिवस वरच्या वर्गांचं काम दिलं होतं. शाळा सुटल्यावर दोघींनी पुठ्ठे ठेवले. स्वयंपाकघरात, शिक्षकांच्या खोलीत, बालवर्गात, मागच्या दाराशी. आणि मुलांची हात धुवायची जागा होती, तिच्या मागच्या नालीपाशी. या नालीवर थोरलीचा खास बंदोबस्त होता. रोज काम संपलं की ती तिथे भिजवलेलं गोणपाट दुमडून घालायची, जाळी झाकेल असं. आईची शिकवण. भोक झाकलं की वाट बंद, आणि ओलं गोणपाट जड असतं, झुरळाला उचलत नाही. वर्षानुवर्षं तिने हे इमानाने केलं होतं. सुट्टीच्या आदल्या दिवशी तर दोन घालायची.

सकाळी पुठ्ठे उचलले. स्वयंपाकघरात अगदी थोडी. स्वयंपाकीणबाईंनी नाक वर केलं ते दिवसभर खाली आलं नाही. शिक्षकांच्या खोलीत स्वयंपाकघरापेक्षा कितीतरी जास्त. ते बघून भूगोलाच्या मास्तरांनी खिडकीबाहेरचा निसर्ग बघायला सुरुवात केली. आणि नालीपाशी पुठ्ठा दिसतच नव्हता. नुसतं काळं. चिकटायला जागा उरली नव्हती म्हणून काही एकमेकांच्या पाठीवर चिकटली होती.

"कुणीतरी पुठ्ठे बदललेत," थोरली म्हणाली. "मुद्दाम केलंय. त्या स्वयंपाकिणीचंच काम."

 धाकटीने झाडूच्या दांड्याने गोणपाटाचं एक टोक उचललं.

खालून ती सांडली. मोठी, लहान, तांबूस, काळी, आताच अंड्यातून निघालेली मोहरीएवढी. भिंतीवर, फरशीवर, थोरलीच्या पायांवर. थोरली नाचली. एरवी कुणी तिला असं नाचताना बघितलं असतं तर वर्षभर हसलं असतं.

"कुठून येतात ते शोधत होतो ना," धाकटी म्हणाली. "येत नाहीत. तुम्ही पाळता त्यांना. प्यायला पाणी देता, अंगावर पांघरूण घालता. वर—" आणि तिला खोकला आला. भिंत धरून ती उभी राहिली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खोकली.

 थोरलीने गोणपाट काठीवर धरून बाहेर नेलं, साबणाच्या कढत पाण्यात बुचकळलं, आत लपलेली होती नव्हती ती संपवली आणि सगळं कचऱ्याच्या मोठ्या डब्यात कोंबून झाकण लावलं. मग नालीपाशी मांडी घालून बसली आणि घासत राहिली. आईला काय म्हणावं, स्वतःला काय म्हणावं, हे तिला समजत नव्हतं. वर्षानुवर्षं इमानाने केलेलं काम उलट्या बाजूने केलं होतं हे कळलं की माणूस एक तर समोरच्याचा वैरी होतो, नाही तर घासत बसतो. ती घासत बसली हे तिचं नशीब. माझ्या पाहण्यातले बरेच जण पहिलं करतात, आणि त्यांतले काही पुढे समित्यांवर जातात.

संध्याकाळी ती जावेपाशी आली. "सांग काय करायचं ते. पण हुकूम सोडायचा नाही."

"हुकूम नाही. पिळा."

"काय?"

"फडका. पिळा. आणखी. अजून पाणी आहे त्यात."

"अगं, हाताची सालटी निघतील माझ्या!"

"द्या इकडे." धाकटीने दुसरं टोक धरलं. दोघींनी दोन बाजूंनी पीळ दिला.

आधी सुका झाडू, मग पिळलेला फडका, मग कोरडा. बादली रिकामी करून पालथी, फडके दोरीवर. डबे सकाळी नाही, शाळा सुटता सुटताच रिकामे. थोरलीला हे काम वाटेना. "हे काय पुसणं झालं? मांजराने ताट चाटल्यासारखं," ती कुरकुरायची. रोज बादली उचलताना तिचे हात नळाखाली आपोआप जायचे, मग ती स्वतःलाच शिव्या देत तोटी बंद करायची. तोटी बंद केली तरी नळ ठिबकायचाच. तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं की तो कधीचाच ठिबकतोय. तिच्या पाण्याच्या लोंढ्यात त्याचा थेंब कधी ऐकूच आला नव्हता.

नळ दुरुस्त झाला. नालीला बारीक जाळी बसली. सिंकमागे पाइप भिंतीत शिरतो तिथे मुठीएवढं भोक होतं, ते लिंपलं. मागच्या दाराखालच्या फटीला ब्रशाची पट्टी लागली. चित्रकलेच्या बाईंची पुठ्ठ्याची खोकी तेवढी हलेनात.

"ही मुलांची कल्पनाशक्ती आहे, मावशी!"

थोरलीने एक खोकं उलटं करून आपटलं. कल्पनाशक्ती सहा पायांवर पळाली. बाई बाकावर चढल्या. दुसऱ्या दिवशी सगळं सामान झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यांत गेलं.

शिक्षकांच्या खोलीचं काय करायचं, हा अवघड प्रश्न होता. तिथे मावशींनी खण उघडले असते तर आकाश कोसळलं असतं. मग मोठ्या बाई स्वतः गेल्या. एकेक खण उघडला, आत बघितलं, तसाच उघडा ठेवला आणि पुढच्याकडे गेल्या. शेवटचा खण त्यांचा स्वतःचा होता. त्यातून निघालेला, वाळून चिवट झालेला केक त्यांनी सगळ्यांदेखत कचऱ्यात टाकला. ते बघून बाकीच्यांनीही टाकायला सुरुवात केली.

पुठ्ठे हळूहळू रिकामे यायला लागले. पण नवीच कटकट उभी राहिली. वास येईना.

"हल्ली साफसफाई होत नाही वाटतं," शिक्षक एकमेकांत म्हणू लागले. "फिनेलचा वासच नाही." फरशीत आता कुणाचं तोंड दिसत नव्हतं, त्यामुळे थोरलीचं कौतुकही कुणी करत नव्हतं. तिला ते लागायचं. आयुष्यभर ज्याच्यावर शाबासकी मिळवली ते सोडून जे केलं ते कुणाला दिसत नव्हतं. दिसू नये हेच त्या कामाचं यश होतं, आणि असल्या यशाला टाळ्या कोण वाजवणार?

पालकसभेच्या दिवशी सकाळी थोरली बालवर्गात गेली आणि कोपऱ्यात एक झुरळ चाललेलं दिसलं. मोठं, सावकाश, घरचं असल्यासारखं. थोड्या वेळात माणसं येणार. धाकटी बाहेर खुर्च्या मांडत होती. औषधाची जुनी बाटली अजून वरच्या फळीवर होती. थोरलीने ती उतरवली. एकच कोपरा. खिडक्या उघड्या ठेवल्या तर कुणाला कळणार? आज झुरळ दिसलं तर जावेचं काम जाईल. औषध मारलं तर काम राहील, आणि मग ती याच खोलीत परत येईल. श्वास घ्यायला.

तिने बाटली खाली ठेवली, चप्पल काढली आणि नेम धरला. चपलेला झाकण मोजावं लागत नाही.

मग ती गुडघ्यांवर बसली. आलं कुठून? प्यायला काय मिळालं तुला इथे, भाड्या? कपाटामागे मुलांनी बी पेरलेली कुंडी होती. तिच्याखालच्या ताटलीत पाणी साचलेलं. मुलांचा हातही सढळच. तिने ताटली पुसून कोरडी केली, कुंडी उन्हात खिडकीत ठेवली आणि बाटली पिशवीत घातली, पंपवाल्याला परत करायला.

सभेत पहिलाच प्रश्न मागच्या रांगेतून आला. इस्त्रीच्या शर्टातला एक बाप उठला. "मागच्या वेळी आलो तर शाळेत शिरताच फिनेलचा वास यायचा. आज काहीच नाही. सफाई बंद केलीय का?"

मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग म्हणाल्या, "मावशी, तुम्ही सांगता का?"

थोरली भिंतीला टेकून उभी होती.  ती पुढे आली.

"साहेब, वास बाटलीचा असतो. सफाईचा नसतो. तुमची लेक दुपारी त्या खोलीत चटईवर गाल ठेवून झोपते. तिच्या नाकाला काय हुंगायला देऊ ते तुम्हीच सांगा."

 पुढच्या रांगेतली एक आई म्हणाली, "पण झुरळं आहेत की नाहीत?" डब्याच्या पिशवीवरून तासभर भांडून गेलेली ती हीच.

"आहेत," थोरली म्हणाली. "सकाळीच एक मारलं. संपली म्हणून सांगितलं तर खोटं होईल. पण या, दाखवते."

तिने त्या आईला पुठ्ठे दाखवले, पहिल्या दिवशीचा काळाकुट्ट आणि कालचा. नाली, जाळी, दाराखालची पट्टी दाखवली. मागोमाग इतर पालकही आले. इस्त्रीच्या शर्टाने वाकून सिंकखाली हात घातला, तळहात बघितला. कोरडा होता. "आमच्या घरी सिंकखाली नेहमी ओल असते," तो बायकोला हळूच म्हणाला.

"मग भोकं बघा," थोरली म्हणाली.

फवारणी थांबली. कायमची थांबली असं मी म्हणणार नाही. मोठ्या बाई अजून म्हणतात, पुढच्या सत्रात बघू. वरच्या मजल्यावरचे एक मास्तर अजून खणात शेंगदाणे ठेवतात. पंपवाला महिन्याला येतो, पुठ्ठे बदलतो आणि भुवया पाडून परत जातो. पण बालवर्गाच्या खिडक्या उघड्या असतात आणि धाकटी त्या वर्गात परत आलीय. डॉक्टरांनी छातीला यंत्र लावून ऐकलं आणि नळी कमी करा म्हणाले. बंद करा नाही म्हणाले. काही जखमा राहतात, त्याचा हिशेब कुणी कुणाला मागत नाही.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. शाळा सुटली होती. थोरली घाईत होती, घरी पाहुणे यायचे होते. ती फाटकापर्यंत पोचली तोच मागून लांबलचक व्हरांड्याच्या त्या टोकावरून हाक आली.

"ओ जाऊबाई! ही बादली अर्धी भरलेली ठेवून कुठे चाललात राणीसाहेबांसारख्या, आणि फडका आत बुडवून ठेवलाय तो काय झुरळांच्या अंघोळीला, आणि उद्या पुठ्ठ्यावर एक जरी दिसलं तरी मी तुमचंच नाव सांगणार आहे मोठ्या बाईंना, मग रडत बसू नका माझ्यापुढे!"

सगळी इमारत दणाणली. मध्ये एकदाही खोकला नाही, थांबणं नाही, भिंत धरणं नाही.

थोरली तिथेच उभी राहिली. पाहुणे गेले खड्ड्यात.

"ऐकू आलं नाही," ती ओरडली. "परत सांग!"